गोळी कोणी मोजायची?

बारावी झाल्यावर, १९८७ साली, वर्षभर मी आमच्या तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात कंपाउंडरच्या हाताखाली होतो. हजार-हजार गोळ्यांचे डबे असत. डाव्या तळहातावर गोळ्या ओतायच्या, उजव्या हाताच्या बोटाने दोन-दोन सरकवत मोजायच्या आणि वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यात पुडी बांधायची. एका बाजारच्या दिवशी गर्दीत माझ्या कोपराचा धक्का लागून दोन उघडे डबे एकदम कलंडले. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, दोन्ही गोल. एक तापावरची, दुसरी मधुमेहाची. कंपाउंडरकाका काही बोलले नाहीत. त्यांनी केरसुणीने सगळ्या गोळ्या गोळा केल्या आणि परसात खड्डा करून पुरल्या. माझ्या पगारातून पैसे कापले गेले ते वेगळंच. गोळ्या मोजण्याच्या साधनांचा शोध घेण्याची खोड मला तेव्हा लागली असावी.

तळहाताला पर्याय म्हणून पाश्चात्त्य औषधविक्रेत्यांनी वापरलेलं एक साधन म्हणजे त्रिकोणी तबक. तिन्ही बाजू सारख्या, कडा उचललेल्या. गोळ्या ओतून तबक एका कोपऱ्याकडे कललं की त्या आपोआप ओळी धरतात: कोपऱ्यात एक, मग दोन, मग तीन. किती ओळी पूर्ण भरल्या एवढंच पाहायचं. सात ओळींत २८, दहा ओळींत ५५, तेरा ओळींत ९१. शंभर हव्या असतील तर तेरा ओळी आणि वर नऊ. शाळेत आपण ज्यांना त्रिकोणी संख्या म्हणून शिकलो आणि विसरलो, त्या इथे कोणी तरी कामाला लावल्या होत्या. मात्र गोळी गोल आणि सगळ्या एका मापाच्या हव्यात. लांबुडक्या कॅप्सूलपुढे त्रिकोण हात टेकतो. त्यासाठी पन्हळीसारखे खाचे असलेलं वेगळं तबक लागतं.

पण मोजणं हा अर्धाच प्रश्न. गोळी सांडते ती मोजताना कमी आणि ओतताना जास्त. मोजलेल्या गोळ्या बाटलीत जायला हव्यात, उरलेल्या परत डब्यात, आणि दोघींची गाठ पडता कामा नये. अमेरिकी औषधदुकानांत रुळलेल्या आयताकृती तबकाने हा प्रश्न फार सुंदर सोडवला आहे. तबकाच्या एका कडेला झाकणाची पन्हळ असते. चपट्या पात्याने पाच-पाच गोळ्या पन्हळीत ढकलायच्या, झाकण लावायचं, तबक उचलायचं. उरलेल्या गोळ्या एका कोपऱ्यातल्या चोचीतून डब्यात परत. मग झाकलेल्या पन्हळीच्या तोंडातून मोजलेल्या गोळ्या बाटलीत. हात कुठेही लागत नाही. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा परसातला तो खड्डा आठवला. अर्थात तबकालाही पुसायला फडकं हवंच. आधी पेनिसिलिनच्या गोळ्या मोजल्या असतील आणि पुढच्या रुग्णाला पेनिसिलिन सोसत नसेल, तर तबकावर उरलेली चिमूटभर भुकटीही त्याच्या जिवावर बेतू शकते.

पुढे इंग्लंडात मँचेस्टरला १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रकाशझोताने मोजणारी यंत्रं आकाराला आली. वरून गोळ्या ओतायच्या. पडणारी प्रत्येक गोळी क्षणभर झोत अडवते आणि आकडा एकाने वाढतो. दोन गोळ्या एकमेकींच्या आडोशाने पडल्या किंवा भुकटीने काच मळली तर यंत्रही चुकतं. ही यंत्रं आपल्याकडच्या दुकानांत फारशी आली नाहीत, आणि त्याचं कारण गरिबी नव्हे. आपल्याकडे दुकानात गोळी सुटी मिळतच नाही, ती पट्टीत येते. मोजण्याचं काम कारखान्यात आधीच झालेलं असतं. दुकानदाराच्या हाती उरते ती कात्री.

ही मोजणी दुकानातून निघून वेष्टनात कशी शिरली, याची एक गोष्ट इलिनॉय राज्यातल्या जिनिव्हा या गावात घडली. अमेरिकेत १९६० साली ‘एनोव्हिड’ या गोळीला गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली. गोळ्या इतर औषधांसारख्याच बाटलीत सुट्या मिळत. औषधविक्रेत्याने वीस मोजून दिल्या की त्याचं काम संपे. खरी मोजणी त्यानंतर होती: पाळीच्या पाचव्या दिवशी सुरू करायचं, वीस दिवस रोज एक, मग थांबायचं. चार मुलांची आई असलेल्या डोरिस वॅग्नर या गोळ्या घेत होत्या. त्यांचे पती डेव्हिड वॅग्नर इंजिनिअर. आज गोळी घेतली का, असं ते वरचेवर विचारत आणि त्या विचारण्यावरून घरात कुरबुर होई. अखेर त्यांनी एका कागदावर वार लिहिले, प्रत्येक वारावर एक गोळी ठेवली आणि कागद आरशाच्या टेबलावर मांडला. गोळी जागेवर नाही म्हणजे घेतली, विचारायला नको. दोनेक आठवडे बरं चाललं. मग एक दिवस काही तरी पडलं आणि कागदासकट गोळ्या जमिनीवर विखुरल्या.

मी दोन डबे कलंडवले आणि शिव्या खाण्याची वाट पाहत उभा राहिलो. वॅग्नर साहेबांनी ड्रिल हाती घेतलं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या चकत्या, कागद, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणि मुलांच्या खेळण्यातून काढलेलं दाबबटण एवढ्यावर त्यांनी एक गोल डबी बनवली. खालच्या चकतीवर वार, मधल्या चकतीत वीस भोकांत वीस गोळ्या, वरच्या चकतीला एकच भोक. ती रोज एक घर फिरवायची. एका वेळी एकच गोळी बाहेर येते, बाकीच्या बंद. डबी हातातून पडली तरी काही सांडत नाही. १९६२ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि नमुने औषध कंपन्यांना दाखवले. त्यांच्याशी करार न करताच ऑर्थो कंपनीने १९६३ मध्ये आपली गोळी अशाच फिरत्या डबीत बाजारात आणली. १९६४ मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ऑर्थोने वॅग्नरना दहा हजार डॉलर दिले. तो पहिला नमुना आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिथल्या पॅट्रिशिया पेक गॉसेल या इतिहासकार बाईंनी त्यावर लिहिलं आहे.

पुढे या डबीचा खप ‘बायकांच्या लक्षात राहत नाही’ या समजुतीवर झाला. मला ते थोडं खटकतं. त्या घरात वरचेवर विचारणारा नवरा होता आणि डबीचा पहिला उपयोग त्याला गप्प करणं हा होता.

डबीवर मोजणी लिहिण्याची कल्पना आपल्याला मात्र परकी नव्हती. मिक्श्चरच्या बाटलीला उभी चिकटवलेली, कडेला कात्रीने खाचे पाडलेली कागदी पट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटेल. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. अक्षर न ओळखणाऱ्या आजीलाही ती वाचता येई. आपल्या सरकारी ‘माला-डी’च्या पाकिटात हीच समजूत दिसते. त्यात २८ गोळ्या असतात. २१ खऱ्या आणि सात लोहाच्या. थांबायचे सात दिवसही गोळीनेच मोजायचे, म्हणजे केव्हा थांबायचं नि पुन्हा केव्हा सुरू करायचं, हा हिशेबच नको.

क्षयरोगाच्या कार्यक्रमात या मोजणीने आणखी एक वळण घेतलं. आधी रुग्णाने कार्यकर्त्यासमोर गोळी गिळायची, अशी पद्धत होती. मग ‘९९डॉट्स’ आलं. गोळ्यांच्या पाकिटाला बाहेरून कागदी वेष्टन. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागे लपलेला फोन क्रमांक दिसतो. त्यावर फुकटचा फोन लावायचा. तिकडे हजेरी लागते. बिनखर्ची आणि हुशार योजना. पण फोन लावला म्हणजे गोळी काढली इतकंच कळतं, गिळली हे नव्हे. चेन्नई, वेल्लूर आणि मुंबईच्या रुग्णांची लघवी तपासून केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही तऱ्हेचे लोक सापडले: हजेरी आहे पण अंगात औषध नाही असे, आणि औषध आहे पण फोनच केलेला नाही असे. दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांविषयी मला विशेष आपुलकी वाटते. त्यांनी औषध घेतलं होतं. हजेरी तेवढी दिली नव्हती.

आमच्या आईला रक्तदाबाची गोळी आहे. पट्टीत दहा गोळ्या आणि आठवड्यात सात वार, त्यामुळे छापील वारांची सोय तिच्या पट्टीवर नाही. ती दुकानातून आणल्या दिवशीच बॉलपेनने प्रत्येक गोळीच्या पाठीमागे वार लिहून ठेवते: सो, मं, बु. हा लेख लिहीत असताना मी मध्येच तिला हाक मारली, “आई, सकाळची गोळी घेतलीस का?” आतून उत्तर आलं, “पट्टी बघ की.”