सात-बारा आणि ‘लुआ’तील डेटा टाइप

एकीकडे भातशेतीचा, तर दुसरीकडे हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तालुका म्हणून मुळशी परिचित आहे. या दोन्ही जगांचा संबंध येतो तो सात-बारा उताऱ्यावर. त्यावरील नोंदी संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये घ्यायच्या झाल्यास पहिला प्रश्न पडतो, तो डेटा टाइपचा, म्हणजेच माहितीच्या प्रकाराचा. ‘लुआ’ या छोटेखानी स्क्रिप्टिंग भाषेच्या आधारे तो समजून घेता येईल.

ब्राझीलमधील रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये ‘लुआ’चा जन्म झाला. पोर्तुगीज भाषेत ‘लुआ’ म्हणजे चंद्र. विकिपीडियावरील साच्यांसाठी २०१३ पासून ही भाषा वापरली जाते. तीत माहितीचे मूलभूत प्रकार आठच आहेत.

संख्या (नंबर) : ज्यांची बेरीज-वजाबाकी करावयाची, ती मूल्ये. २०१५ मधील ५.३ आवृत्तीपासून तीत पूर्णांक आणि अपूर्णांक असे दोन पोटप्रकार आले. संख्या इंग्रजी अंकांतच लिहावी लागते. देवनागरी अंक ‘लुआ’ संख्या म्हणून ओळखत नाही.

मजकूर (स्ट्रिंग) : अवतरणचिन्हांत दिलेली अक्षरे. सर्व्हे क्रमांक १२, हिस्सा ३ हे आपण १२/३ असे लिहितो. ते अवतरणचिन्हांशिवाय दिल्यास संगणक भागाकार करून ४ हे उत्तर देतो आणि नोंद भलत्याच जमिनीची होते. पुण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२० संख्या म्हणून दिल्यास केवळ २० उरतो. क्षेत्राची ०.४०.५० ही नोंद, म्हणजे ४० आर ५० चौरस मीटर, दोन टिंबांमुळे संख्या ठरूच शकत नाही. बेरजेपूर्वी तिचे ४,०५० चौरस मीटर करून घ्यावे लागतात. ‘मुळशी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरी दिसतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत मात्र त्याची लांबी १५ बाइट भरते.

निल आणि बूलियन : ‘निल’ म्हणजे मूल्यच नसणे, बूलियन म्हणजे खरे किंवा खोटे. पोटखराबा शून्य असणे आणि पोटखराब्याची नोंदच नसणे या भिन्न गोष्टी होत. अटी तपासताना ‘लुआ’ केवळ ‘निल’ व ‘खोटे’ यांनाच नकार मानते. शून्य हा तिच्या लेखी होकारच असतो.

टेबल : अनेक मूल्ये नावानिशी एकत्र ठेवणारा प्रकार. गाव, सर्व्हे क्रमांक, खातेदार व क्षेत्र मिळून एका उताऱ्याचे एक टेबल होते.

उर्वरित तीन : फंक्शन म्हणजे कृती, थ्रेड म्हणजे मध्येच थांबवून पुढे चालू करता येणारे काम, तर युजरडेटा म्हणजे सी भाषेतील प्रोग्रॅमकडून आलेली माहिती.

प्रकार ठरविण्याची कसोटी सोपी आहे. मूल्य अंकांत लिहिले आहे एवढ्यावरून ते संख्या ठरत नाही. त्याच्या बेरजेला अर्थ असेल तरच ती संख्या, अन्यथा तो मजकूर. दोन क्षेत्रांची बेरीज होते, दोन सर्व्हे क्रमांकांची होत नाही. हा भेद हुकला, तर पडद्यावर कोणतीही चूक न दिसता एकाची जमीन दुसऱ्याच्या क्रमांकावर दिसू लागेल.