काचेच्या इमारतींमागचा कालवा

चेन्नईच्या दक्षिणेस शोळिंगनल्लूर आहे. संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमुळे हे नाव आज महाराष्ट्रातील अनेक घरांना परिचित झाले आहे. या इमारती आणि समुद्र यांच्यामधून बकिंगहॅम कालवा जातो. 1876-78च्या भीषण दुष्काळात उपासमारीने गांजलेल्यांना काम मिळावे म्हणून मद्रास शहरातील अडयार आणि कूवम या नद्या कालव्याने जोडण्यात आल्या. पुढे कालव्यास तत्कालीन गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे नाव मिळाले. खोदणाऱ्या हातांची खूण मात्र त्या नावात उरली नाही.

अशा विस्मृत खुणांचा माग काढणे हेच स्थानिक इतिहास-संशोधकाचे कार्य. मद्रासमध्ये ते एस. मुथय्या (1930-2019) यांनी निष्ठेने केले. ते इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. वृत्तपत्र आणि नकाशा-प्रकाशन या व्यवसायांतून ते या कार्याकडे वळले. 1981मध्ये त्यांचे ‘मद्रास डिस्कव्हर्ड’ हे पुस्तक आले आणि 1991मध्ये त्यांनी ‘मद्रास म्यूझिंग्ज’ हे नियतकालिक सुरू केले. जुन्या वास्तू पाडल्या जाऊ नयेत, यासाठी त्यांनी लेखणी अखंड झिजवली. 22 ऑगस्ट हा ‘मद्रास दिन’ 2004पासून साजरा होऊ लागला, त्यामागेही त्यांची प्रेरणा होती.

मराठी वाचकास येथे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. घरोघरची दप्तरे वाळवी आणि रद्दीवाला यांच्या तावडीतून सोडवण्यासाठी ते गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे 22 खंड त्या पायपिटीतून उभे राहिले.

ते कार्य संपलेले नाही, आणि ते महाराष्ट्रापुरतेही नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांनी 1803मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. चेन्नईच्या शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात कर्नल मॅकेंझी यांच्या संग्रहातील हस्तलिखिते आहेत. मोडी वाचणारे, जीर्ण कागद जतन करणारे, चुन्याच्या बांधकामाची दुरुस्ती जाणणारे तरुण पुढे आले, तरच ही साधने बोलती राहतील. या वाटेवर धनप्राप्ती बेताची. परंतु एखादे पान वाचले गेल्याचे समाधान मोठे.

शाळेच्या हीरक महोत्सवात हा विचार अप्रस्तुत नाही. साठ वर्षांची हजेरीपत्रके, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे आणि पहिल्या तुकडीच्या आठवणी हीदेखील इतिहासाची साधनेच होत. आठवणी सांगणारे आज आहेत, तोवरच त्या लिहून घ्यावयास हव्यात.