उसण

आमच्या वऱ्हाडात पाठीत एकाएकी कळ आली की 'उसण भरली' म्हणतात, नाहीतर 'चमक भरली'. बादली उचलावी, जोरात शिंक यावी, किंवा झोपेत नुसती कूस बदलावी, आणि दोन खांद्यांच्या मधे कोणी खिळा ठोकल्यासारखं व्हावं. श्वास घेतानाही दुखतं, कारण बरगड्या तिथेच मणक्याला जोडलेल्या असतात.

अमरावती-अकोल्याकडे याचा पहिला डॉक्टर म्हणजे पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून बाहेर आलेला माणूस. "जाय बे, पायाळूले बलाव!" अशी हाक गेली की तो यायचा, दुखऱ्या जागी हलकेच पाय लावायचा आणि चहा पिऊन जायचा. वर मिठाच्या पुरचुंडीचा शेक. दोन-चार दिवसांत माणूस पुन्हा कापसाच्या गाठोड्याखाली!

मला हे खास आपलंच वाटायचं. पण गंमत बघा, वॉल्टर ग्रेगॉर नावाच्या माणसाने १८८१ साली ईशान्य स्कॉटलंडमधल्या लोकसमजुतींवर पुस्तक लिहिलं, त्यातही हेच आहे. पायाकडून जन्मलेल्याने पाय चोळला किंवा तुडवलं की लचक आणि कंबरदुखी जाते! दोन टोकांच्या लोकांना एकच उपाय 'लागू' पडला, याचं माझ्या मते साधं कारण म्हणजे स्नायूची उसण बहुतेक वेळा आपोआपच ओसरते. श्रेय मात्र पायाला.

शहाण्या डॉक्टरांनी तरी वेगळं काय केलं? १९३४ साली अमेरिकेत मिक्सटर आणि बार यांनी मणक्यातली सरकलेली चकती नसेवर दाबते हे दाखवलं. पाठ ही जपून ठेवायची वस्तू झाली आणि 'पडून राहा' हा सल्ला पुढे अनेक दशकं चालला. त्याच काळात, १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे मल्लखांब करून दाखवत होती. पुढे १९८६ साली अमेरिकेत दिसलं की सात दिवस पडून राहण्यापेक्षा दोनच दिवस पुरे. १९९५ साली फिनलंडमध्ये तर जमेल तशी रोजची कामं करणारेच लवकर बरे झाले. (हे अभ्यास कंबरेचे, पण वरच्या पाठीच्या साध्या उसणीलाही आज हाच सल्ला देतात. शेक, गरज पडली तर वेदनाशामक गोळी, आणि हळूहळू हालचाल.)

इथवर सगळं ठीक. पण 'उसण' हा शब्द फार मोठा आहे, त्यात काहीही मावतं.

माझ्या आईच्या काकांना अकोल्यात एका रात्री अशीच 'उसण' भरली. घाम फुटला होता, डावा हात जड झाला होता. घरच्यांनी पायाळू शोधला, शेक दिला. पहाटे ते गेले. उसण नव्हतीच ती, हृदय होतं. आमच्याकडे अजून म्हणतात, "उसणीनं गेले."

मायकेल डिबेकी यांचं उदाहरण तर विलक्षण आहे. महाधमनीचा पदर फाटतो त्यावरची शस्त्रक्रिया त्यांनी १९५० च्या दशकात रूढ केली. ३१ डिसेंबर २००५ रोजी, ९७ व्या वर्षी, ह्यूस्टनमधल्या घरी भाषणाची तयारी करताना त्यांच्याच छातीत आणि खांद्यांच्या मधे तीच कळ आली. २००६ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर तीच शस्त्रक्रिया झाली आणि ते २००८ पर्यंत जगले. त्यांनी कळ ओळखली होती. आमच्या घरात ओळखणारं कोणी नव्हतं.

म्हणून नातेवाईक मंडळी, एवढं लक्षात ठेवा. पाठीतल्या कळीबरोबर घाम, धाप, चक्कर, छातीत-जबड्यात-हातात दुखणं असेल, किंवा काही फाटल्यासारखी भयंकर कळ असेल, तर शेकत बसू नका, १०८ ला फोन करा. पायांतली ताकद गेली, लघवी अडली, किंवा पडल्या-आपटल्यावर दुखू लागलं, तरी लगेच दवाखाना. आठवडेच्या आठवडे दुखतंय, सोबत बारीक ताप आणि वजन उतरतंय, तर मणक्याचा क्षयही असू शकतो. तपासून घ्या.

बाकी साधी उसण असेल तर खुशाल पायाळूला बोलवा. चहा मात्र त्यालाही द्या आणि स्वतःही उठून प्या!