घरकुलाचे नियम : पंख्यापासून पाच एकरांपर्यंत

बाजरी काढून झालीय, कांद्याची रोपं अजून लावायची आहेत. म्हणून आज पिकाचं नाही, घरकुलाचं लिहितो. सर्व्हे झाल्यापासून आमच्या पाथर्डी तालुक्यात पारावर दुसरा विषयच नाही.

माझा चुलत भाऊ. साडेपाच एकर जिरायत, दोन म्हशी, मातीच्या भिंती आणि वर पत्रा. २०१८ ला आवास प्लसचा सर्व्हे आला तेव्हा त्याच्याकडं जुनी मोटारसायकल होती. डेअरीला दूध घालायला घेतलेली, तीही दुसऱ्याची वापरलेली. दुचाकी म्हणून नाव गेलं. आता नियम बदलले, दुचाकी चालते असं कळलं. गडी खुशीत कागद घेऊन गेला, तर साडेपाच एकर आडवं आलं. तो मला म्हणला, "दादा, सात वर्षांत मी श्रीमंत कधी झालो ते तरी सांग."

त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मागं जावं लागतं.

इंदिरा आवास योजना १९८५ साली आली. त्यावेळी ती रोजगार हमीसारख्याच एका केंद्राच्या योजनेचा भाग होती. घर कोणाला, तर अनुसूचित जाती, जमाती आणि मुक्त केलेले वेठबिगार. प्रश्न सरळ होता. १९९३-९४ ला इतर गरिबांनाही त्यात घेतलं आणि १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. पण "इतर गरीब" म्हणलं की गरीब कोण हे ठरवावं लागतं. तिथून मोजामोजी सुरू झाली.

१९९२ च्या दारिद्र्यरेषेच्या यादीला वर्षाचं उत्पन्न ११ हजार ही रेघ होती. शेतकऱ्याचं उत्पन्न कोण सांगणार आणि कोण लिहिणार? म्हणून १९९७ ला वस्तू बघायला लागले. दोन हेक्टरच्या वर जमीन, पक्कं घर, टीव्ही, फ्रिज, स्कूटर, ट्रॅक्टर, यातलं काही असलं तर बाद. छताचा पंखासुद्धा त्या यादीत होता.

२००२ चा सर्व्हे जुन्या माणसांना आठवत असेल. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. जेवढे गुण कमी तेवढा माणूस गरीब. माणशी कपडे किती, दिवसाला पोटभर जेवण किती वेळा, कर्ज कोणाकडून, असं सगळं विचारलं होतं. आमच्या आईनं घरातले कपडे मोजून सांगितले होते, त्यात लग्नातला शालू धरायचा का यावर बराच वेळ गेला. हसू येतं आता, पण त्या यादीवरच पुढं कितीतरी वर्षं घरकुलं वाटली गेली. त्याच काळात अनुदान वाढत गेलं, २०१० ला ४५ हजार, २०१३ ला ७० हजार.

मग २०११ ची सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणी झाली आणि तिच्यावर २०१६ ला प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण उभी राहिली. सपाट भागात १ लाख २० हजार, कमीत कमी २५ चौरस मीटरचं घर, रोहयोची नव्वद दिवसांची मजुरी, शौचालयाचे १२ हजार वेगळे. घर बाईच्या नावानं किंवा दोघांच्या नावानं. हे चांगलंच केलं. बाद करायच्या अटी मात्र तेरा होत्या. दुचाकी, फ्रिज, घरचा फोन, महिना दहा हजारांच्या वर मिळकत, पन्नास हजार किंवा जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड.

या शेवटच्या अटीवर माझा जुना राग आहे. दोन एकर कांदा दाखवून सोसायटीचं पीककर्ज काढलं की मर्यादा पन्नास हजारांच्या पुढं जाते. म्हणजे माझं देणं ही माझी श्रीमंती! ही अट आजही तशीच आहे.

जमिनीची अट तेव्हा पाण्याला धरून होती. अडीच एकर बागायत आणि सोबत एखादं सिंचनाचं साधन, दोन हंगाम भिजणारी पाच एकर, किंवा साडेसात एकर आणि साधन. नुसत्या जिरायतीवर कोणी बाद होत नव्हतं. २०२४ ला तेराच्या दहा अटी झाल्या. दुचाकी, फ्रिज, फोन सुटले, मिळकतीची मर्यादा पंधरा हजार झाली. जमिनीचं सोपं करून टाकलं : अडीच एकर बागायत किंवा पाच एकर जिरायत असली की बाद. सोपं झालं खरं, पण साधन नसलेला कोरडवाहू माणूस त्यात अडकला.

आता कृषी पदवीधर मित्रांनी हिशोब तपासावा. आमच्याकडं पाऊस बरा झाला तर बाजरी एकरी चार क्विंटल. पाच एकराची वीस. बाजारात २२०० नं धरली तर ४४ हजार, त्यातून बी, नांगरट, काढणी, मळणी जायची. जुलैत खंड पडला तर कडबासुद्धा नाही. तिकडं प्रवरेच्या कालव्यावर सव्वादोन एकर ऊस असेल, एकरी चाळीस टन पडला, तर नव्वद टन होतो. जमिनीच्या अटीत तो बसतो, माझा भाऊ बसत नाही. त्या ऊसवाल्याला क्रेडिट कार्ड आडवं येईल ही गोष्ट वेगळी, आणि त्याला घर मिळू नये असंही माझं म्हणणं नाही. पण एकच जिल्हा, भंडारदऱ्याचं पाणी उत्तरेला १९२६ पासून, आणि आमच्या विहिरी दिवाळीनंतर तळ दाखवतात. एकर तोच कसा धरायचा? निदान पर्जन्यछायेच्या तालुक्यांना जिरायतीची मर्यादा वेगळी ठेवा, एवढंच ग्रामसभेत बोललो. भाऊसाहेबांनी लिहून घेतलं.

भावानं वाट बघितली नाही. पोराचं लग्न झालंय, रेशनकार्ड वेगळं आहे. गेल्या आठवड्यात तहसीलला जाऊन त्यानं वाटणीचा अर्ज दिला. पोराला तीन एकर, स्वतःला अडीच. बांध कुठून घालायचा ते बघायला उद्या मला बोलावलंय.