मुलं गोळा करायची फेरी

माझं आयुष्य अंगणवाडीत गेलं. डहाणू-तलासरी भागात आधी सेविका होते, मग मुख्यसेविका झाले. नव्या सेविकांच्या प्रशिक्षणात एक तास ठरलेला असायचा: मुलांना लळा कसा लावावा. शहरातून आलेली तज्ज्ञ मंडळी फळ्यावर लिहायची, हसतमुख राहा, नावाने हाक मारा, मुलाच्या उंचीला वाकून बोला. त्यात चूक काहीच नव्हती. पण मागच्या रांगेतली एखादी जुनी सेविका हळूच म्हणायची, "पोर आलंच नाही तर हसायचं कुणाकडे बघून?"

तिच्या प्रश्नाला आमच्याच तालुक्यात, बोर्डीला, १९४५ पासून उत्तर शोधलं जात होतं. ताराबाई मोडकांचं नाव निघालं की 'माँटेसोरी पद्धत मराठीत आणली' एवढं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते अर्धवट वाटतं. साधनं काय, पेटीत घालून कुठेही नेता येतात. ताराबाईंचं खरं काम पुढचं आहे. शाळेत न येणाऱ्या मुलाशी बाईचं नातं कुठे जुळवायचं, हे त्यांनी आणि अनुताई वाघांनी शोधून काढलं.

सुरुवात काठेवाडातली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० मध्ये बालमंदिर काढलं आणि छडी हद्दपार केली. बाई माँटेसोरींना लहान मुलांना परीकथा सांगणं फारसं मंजूर नव्हतं. गिजुभाईंनी त्यांची साधनं घेतली, हा सल्ला मात्र सरळ बाजूला ठेवला. लोककथा जमवायच्या आणि मुलांच्या घोळक्यात बसून सांगायच्या, असा त्यांचा खाक्या. भरघोस मिशांच्या या माणसाला लोक 'मूछाळी मा' म्हणत. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजातली मोठ्या पदाची नोकरी सोडून ताराबाई तिथे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. तिथवरची मुलं बहुतेक शिकल्या-सवरलेल्या घरांतली. आई बोट धरून आणायची आणि दारात बाईंच्या हवाली करायची. बाईंनी मुलाला आपलंसं करायचं ते तिथून पुढे.

बोर्डीला आई बोट धरून येणार नव्हती. ती बागायतदाराच्या वाडीत नाहीतर गवत कापायला गेलेली असे. शिवाय काळ पाहा. त्याच १९४५ च्या मे महिन्यात जवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली होती आणि वेठबिगारीविरुद्ध लढा पेटला होता. परका माणूस पाड्यावर आला म्हणजे जंगलखात्याचा तरी असायचा, नाहीतर सावकाराचा. अशा मुलखात ताराबाई आल्या त्या वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. सोबत अनुताई. मोरगावच्या, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य, मग शिकून शिक्षिका, पुण्याच्या हुजूरपागेत बरीच वर्षं शिकवलेल्या. वय पस्तीस.

बालवाडी उघडली. गावातली मुलं आली, हरिजनवाड्यातली आली नाहीत. तेव्हा बालवाडीच उचलून त्या वाड्यात नेली आणि तिथल्या अंगणात मुलं गोळा केली. अंगणवाडी ती हीच. जन्म इतका साधा आहे की प्रशिक्षणात तो दोन वाक्यांत उरकतात. मला मात्र त्या अंगणापाशी थोडं थांबायचं आहे.

शाळेत मूल परकं असतं आणि बाई घरच्या. अंगणात हे उलटं होतं. जागा मुलाची, चूल मुलाची, ओट्यावर बसलेली आजी मुलाची, आणि पाहुणी बाई. तिला आवाज चढवता येत नाही, कारण आजी ऐकते आहे. रडू आलं तर मूल उठून घरात जातं, आजीला शिवून परत येतं. दार लावून मुलाला कोंडायची सोयच नाही, कारण दारच नाही. मी सेविका असताना काही महिने इमारत नव्हती म्हणून एका घराच्या अंगणात बसायचे. तिथे मला मूल गप्प करायची घाई कधी झाली नाही. पुढे खोली मिळाली, आणि पहिल्या आठवड्यात मुलं दाराकडेच बघत बसली.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आता पाडे होते आणि वारली मुलं. इथली पहिली ओळख पुस्तकाने झाली नाही, पाण्याने झाली. मुलांना आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे. बालवाडीच्या दिवसाची सुरुवातच ती. वरवर पाहता हा स्वच्छतेचा तास, आणि सरकारी पुस्तकांत तो तसाच छापला गेला. पण तीन वर्षांचं मूल ज्या हाताला आपल्या डोक्यावर पाणी ओतू दिलं त्या हाताला विसरत नाही. उवा काढायला वेळ लागतो, त्या वेळात काहीतरी बोलावंच लागतं, आणि एका वेळी एकाच मुलाशी बोलावं लागतं. चाळीस मुलांच्या वर्गात ही संधी दुसऱ्या कुठल्या तासाला मिळते?

दुसरा पेच भावंडांचा. सात वर्षांची मुलगी शाळेत येणार कशी, कडेवर धाकटं आहे. धाकट्याला सोड म्हणावं तर तीही जाते. कोसबाडला यावर विकासवाडी निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकटं झोळीत, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात, आणि मधेच उठून धाकट्याला बघून यायची मुभा. आजच्या किती शाळांत एवढी मुभा आहे? तिथल्या बाईंना मूल एकटं भेटतच नव्हतं, भेटायचं ते भावंडांचं लटांबर. त्यामुळे घरात काय शिजलं, कोण आजारी, बाप कुठे कामाला गेला, हे न विचारता कळायचं.

जी मुलं गुरं राखायची त्यांच्यासाठी कुरणशाळा होती, म्हणजे शिकवणारा माणूसच गुरांमागे कुरणात. साधनं म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं, बांबूचे तुकडे. पैसे नव्हते हे कारण खरंच. पण जी वस्तू रोज पायाखाली येते ती बाईंनी हातात घेऊन मोलाची केली, की मुलाला आपलं घरही मोलाचं वाटू लागतं, असं मला वाटतं. भाषेचंही तसंच. वारली बोलीत दोन वाक्यं बोलणारी सेविका आणि न बोलणारी सेविका, दोघींच्या हजेरीपटात मला नेहमी फरक दिसला.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. नाव देशभर पोहोचलं, अंगण मात्र मागे राहिलं. मी योजनेच्या विरोधात नाही. माझं घर तिच्यावर चाललं, आणि पोषण आहार नसता तर कित्येक मुलं जगली नसती. पण आहार आला, वजनकाटा आला, लसीकरण आलं, जनगणनेची कामं आली, निवडणुकीची आली. सेविकेच्या रजिस्टरांची चवड वाढत गेली, आणि बसली ती सकाळच्या फेरीवर. दारोदार हाका मारत मुलं गोळा करायची फेरी. हे काम हळूहळू मदतनीस बाईकडे सरकलं, कारण सेविकेला नोंदी करायच्या असतात. २०२१ पासून मोबाइलवर पोषण ट्रॅकर आहे. पाड्यावर रेंज नसेल तर सेविका टेकाडावर चढून नोंद भरते. टेकाडावर जायला तिला वेळ काढावा लागतो, तो फेरीतूनच निघतो.

दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो, मुलांसकट. पावसाच्या तोंडावर मुलं परततात तेव्हा लहानगी बाईंना ओळखत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सगळं. ज्या सेविका त्या पहिल्या आठवड्यात घरोघर जातात त्यांची मुलं पंधरा दिवसांत रुळतात. ज्या केंद्रात बसून वाट बघतात त्यांच्याकडे आहाराच्या वेळी मुलं येतात आणि खाऊन पळतात. त्यांना दोष देत नाही. बसून वाट बघायचंच मानधन मिळत असेल तर चालायला कोण जाईल?

मासिक अहवालात या फेरीसाठी एक रकाना असावा असं मी एका बैठकीत सुचवलं होतं. मोजमाप कसं करणार, असं वरून विचारलं गेलं. मी म्हटलं, सोपं आहे, सेविकेबरोबर पाड्यावर चला आणि कुत्री कुणावर भुंकतात ते बघा. बैठक हसली. रकाना आला नाही. पण मी माझ्या भेटींत शेवटपर्यंत तेच बघत होते, आणि माझ्यावर भुंकतात, सेविकेवर नाही, असं दिसलं की त्या केंद्राचं रजिस्टर मी नंतर सवडीने तपासायचे.