माज कुणाचा, नशीब कुणाचे? ग्रीक शोकांतिकेची एक चिकित्सा

इ.स.पू. ३४८ मधली घटना आहे. अथेन्समध्ये डायोनिसस देवाचा वसंतोत्सव चालू होता. डेमोस्थेनीज हा पुढे प्रसिद्ध झालेला वक्ता त्या वर्षी आपल्या गणाच्या कोरसचा खर्च उचलत होता. भर नाट्यगृहात, सगळ्या प्रेक्षकांसमोर, मीडियास नावाच्या श्रीमंत माणसाने त्याला ठोसा मारला. या प्रकरणावर डेमोस्थेनीजने लिहिलेले भाषण आज उपलब्ध आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, मार लागतो म्हणून माणूस पेटत नाही, अपमान करण्यासाठी मारले जाते म्हणून पेटतो. अशा वागण्याला ग्रीक भाषेत शब्द होता ह्युब्रिस, आणि अथेन्सच्या कायद्यात तो गुन्हा होता.

मित्रांनो, हा शब्द आपण वेगळ्याच अर्थाने शिकलो आहोत. कॉलेजात ग्रीक शोकांतिकेचे एक ठरलेले सूत्र सांगितले जाते. नायक मोठा असतो, त्याला गर्व होतो, देव कोपतात, नियती त्याला खाली खेचते. विद्यार्थी ते पाठ करतो आणि त्यातून एकच धडा घेतो : जास्त उडू नका, नशिबात असेल तेच होते. हा धडा कुणाच्या सोयीचा आहे, हे वेगळे सांगायला नको. पण मुळात तो त्या नाटकांत आहे का?

ह्युब्रिस म्हणजे नुसता गर्व नव्हे

ह्युब्रिसची व्याख्या ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात दिली आहे. समोरच्याला लाज वाटेल असे वागणे, तेही स्वतःच्या फायद्यासाठी किंवा सूड म्हणून नव्हे, तर नुसत्या मजेसाठी. असे का करतात? दुसऱ्याला खाली दाखवले की आपण वर आहोत असे वाटते म्हणून. म्हणजे ह्युब्रिस ही मनातली भावना नाही, ती दुसऱ्या माणसावर केलेली कृती आहे. आपल्या गावाकडच्या भाषेत तिला चपखल शब्द आहे : माज.

या गुन्ह्यासाठी कुणीही अथेनियन नागरिक पीडिताच्या वतीने खटला भरू शकत असे. विशेष म्हणजे गुलामाशी केलेला ह्युब्रिससुद्धा या कायद्यात येत होता, आणि डेमोस्थेनीज ही गोष्ट अभिमानाने सांगतो. लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर केलेला अपमान हा गुन्हा आहे, हे तत्त्व आपल्याला १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यामुळे ओळखीचे आहे.

पण भारावून जायचे कारण नाही. गुलाम स्वतः खटला भरू शकत नव्हता. लॉरियनच्या चांदीच्या खाणीत हजारो गुलाम राबत होते. आणि डेमोस्थेनीजच्या खटल्याचे काय झाले? त्याचा विरोधक एस्किनीज याने नंतर आरोप केला की त्याने ३० मिना घेऊन प्रकरण मिटवले. कायदा कागदावर असणे आणि तो शेवटापर्यंत लढवला जाणे यातले अंतर तेव्हाही होते.

‘माजली आहे’ असे कोण म्हणते?

आता सॉफोक्लीजच्या ‘अँटिगनी’कडे येऊ. हे नाटक साधारण इ.स.पू. ४४१ चे. थीब्जचा राजा क्रेऑन हुकूम काढतो की शत्रू ठरलेल्या पॉलिनायसीजचे प्रेत उघड्यावर सडू द्यायचे, पुरायचे नाही. बहीण अँटिगनी हुकूम मोडून भावावर माती टाकते. पकडली जाते, पण नाकारत नाही. तेव्हा क्रेऑन तिच्यावर आरोप करतो तो ह्युब्रिसचा. कायदा मोडला हा एक माज, आणि वर त्याची फुशारकी मारली हा दुसरा. त्याच दमात तो म्हणतो की, जो दुसऱ्याचा गुलाम आहे त्याला ताठ मानेचा अधिकारच नाही.

हे वाक्य आपण वेगळ्या शब्दांत किती वेळा ऐकले आहे! चांगले कपडे घातले, घोड्यावरून वरात काढली, मिशी ठेवली, तर ‘माजलेत’. खालच्याचा स्वाभिमान वरच्याला नेहमी माज वाटतो. सॉफोक्लीजचे मोठेपण असे की तो हा आरोप क्रेऑनच्या तोंडी घालतो आणि मग नाटकभर दाखवत जातो की माज कुणाचा आहे. क्रेऑनचा मुलगा हीमॉन बापाला सुनावतो की एकाच माणसाच्या मालकीचे नगर हे नगरच नव्हे. क्रेऑन ऐकत नाही. अँटिगनी जीव देते, हीमॉन मरतो, राणी मरते. मुलाचे प्रेत घेऊन क्रेऑन येतो तेव्हा कोरस सांगतो की ही दुसऱ्या कुणी आणलेली आपत्ती नाही, चूक याचीच. क्रेऑन ते कबूलही करतो. थोड्याच वेळाने तोच कोरस म्हणतो की ठरलेल्या दुःखातून माणसाची सुटका नाही. नाटकात दोन्ही आहे. पाठ्यपुस्तकाने त्यातले दुसरेच उचलले.

ॲरिस्टॉटलचेही तसेच झाले. नायकाचे पतन ‘हमार्शिया’मुळे होते असे त्याने लिहिले. त्याचा अर्थ चूक, नेम चुकणे. तो गर्व नव्हे. मात्र नायक कीर्तिमान, वैभवशाली घराण्यातलाच हवा, हेही त्यानेच लिहिले. त्याच ग्रंथात स्त्री कनिष्ठ आणि गुलाम अगदीच हलका अशी नोंद आहे. राजाचे पतन ही शोकांतिका, मग खाणीत मेलेल्या गुलामाचे मरण काय?

नियतीची चिठ्ठी कोण काढतो?

नियतीसाठी ग्रीक शब्द ‘मॉयरा’. त्याचा मूळ अर्थ वाटा. आपले ‘भाग्य’ही ‘भाग’वरूनच आले. मग प्रश्न सरळ आहे : वाटणी कोण करतो?

‘राजा इडिपस’ हे नियतीचे सर्वांत प्रसिद्ध नाटक. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, ही भविष्यवाणी खरी ठरते. पण रंगमंचावर आपण पाहतो तो नियतीने ढकललेला माणूस नव्हे, थांबवले तरी सत्य शोधणारा माणूस. शेवटी तो म्हणतो की हे दुःख ॲपोलोने आणले, पण डोळे फोडणारा हात माझाच होता. आणि सत्य कळते कुणाकडून? राजवाड्यात वाढलेल्या एका गुलाम मेंढपाळाकडून. तान्ह्या इडिपसला मारून टाकायचा हुकूम त्यालाच होता आणि दया येऊन त्यानेच बाळ वाचवले होते. त्याला बोलते करण्यासाठी राजा त्याचे हात पिरगाळायला लावतो. अथेन्सच्या न्यायालयात गुलामाची साक्ष छळ करूनच घेतली जात असे. प्रेक्षकांना यात नवल वाटले नसेल. आपल्याला वाटले पाहिजे.

युरिपिडीज याच्याही पुढे गेला. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सने मेलॉस बेट जिंकले, पुरुष मारले, बायका-मुले गुलाम केली. पुढच्याच वसंतात, ४१५ मध्ये, ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ रंगमंचावर आले. हरलेल्या बायका वाटपाची वाट पाहत बसल्या आहेत. दूत सांगतो, राणी हेक्युबा चिठ्ठीने ओडिसियसच्या वाट्याला आली. हीच ती मॉयरा! पण चिठ्ठ्या देवांनी नव्हे, सैन्याने टाकल्या होत्या. अँड्रोमकीचे बाळ तटावरून फेकले जाते तेही ओडिसियसने सभेत मुद्दा जिंकल्यामुळे. हेक्युबा देवांना हाका मारते, पण निर्णय माणसांचे आहेत, हे नाटक लपवत नाही. जेत्यांच्याच शहरात हे दाखवायला धाडस लागते. स्पर्धेत त्याला दुसरा क्रमांक मिळाला.

१९४३ मध्ये पुण्यात दिलेल्या ‘रानडे, गांधी आणि जिना’ या भाषणात बाबासाहेबांनी हाच प्रश्न घेतला होता. इतिहास देवाच्या योजनेने घडतो, भूगोलाने घडतो की केवळ आर्थिक शक्तींनी? माणसाला वजा करणारे असे कोणतेही उत्तर त्यांनी पुरेसे मानले नाही. इतिहास घडवण्यात माणूस आहे, हे त्यांनी ठामपणे मांडले.

म्हणून ग्रीक नाटके वाचा. ती कुणाची मक्तेदारी नाहीत. वाचताना दोन प्रश्न सोडू नका. कुणी ‘नशीब’ म्हणाले तर विचारा, चिठ्ठ्या कुणी टाकल्या? कुणी ‘माज’ म्हणाले तर पाहा, म्हणणारा कुठे उभा आहे. सिंहासनावर उभा असेल, तर अँटिगनी काय करत होती तेही तपासा. बहुतेक वेळा ती आपल्या माणसाला माती देत असते.