अजिंठ्याची चित्रे आणि रोगण : एक टिपण

‘रोगण’ हा मराठीत रुळलेला शब्द मूळ फारसी ‘रोगन’पासून आला, तेथे त्याचा अर्थ तेल, तूप. अजिंठ्याच्या इतिहासात मात्र या शब्दाला एक दुःखद किनार आहे.

अजिंठ्याची भित्तिचित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर प्रथम माती, भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंक वा सरस यांत कालवलेले रंग, अशी ही पद्धत. काव, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग सहज मिळणारे. निळा मात्र लाजवर्दाचा, म्हणजे थेट बदख्शानच्या खाणीतला. चुन्यात मुरलेला रंग पक्का बसतो, सरसातला तसा बसत नाही. पुढचे सारे या एका फरकावर अवलंबून आहे.

रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून तैलरंगात केलेल्या नकला 1866 मध्ये लंडनच्या आगीत बहुतांशी जळाल्या. त्यानंतर 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ 1885 च्या आगीत गेल्या. नकला करताना मूळ चित्रे उजळ दिसावीत म्हणून भिंतींवर रोगण फिरविले गेले. नकला जळाल्या, रोगण राहिले!

लेणी निजामाच्या राज्यात होती. गुलाम यझदानी पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना 1920 ते 1922 दरम्यान लोरेन्झो चेकोनी व ओरसिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावण्यात आले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा बसविला. हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. नाहीतर कित्येक तुकडे गळून पडले असते. पण रंग धरून राहावा म्हणून त्यांनी स्पिरिटात विरघळविलेली लाख लावली. लाख कालांतराने पिवळी, मग तपकिरी होते. पांढरा मळकट झाला, निळा हिरवट भासू लागला. यझदानींचे चार भागांतील ग्रंथ 1930 ते 1955 या काळात निघाले. त्यांतील छायाचित्रे या थरानंतरची आहेत. वर्गात ती दाखविताना शिक्षकाने हे लक्षात ठेवलेले बरे.

1999 पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या राजदेव सिंह यांनी लेणी क्र. 9 व 10 मध्ये हा थर काढण्याचे काम केले. येथे पाणी चालत नाही, कारण सरस पाण्याने सुटतो. त्यामुळे हे काम थोडथोड्या जागेपुरते, रसायने जपून वापरूनच करावे लागते.